गच्चीवरचा टॉवर आणि कानाशी धरलेला फोन

नमस्कार. गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत "गच्चीवर मोबाईल टॉवर बसवू द्यायचा का" हा विषय निघाला की सभेत हमखास दोन तट पडतात. एका तटाला दरमहा येणारे भाडे आणि त्यातून भागणारे वॉटरप्रूफिंगचे काम दिसत असते, तर दुसऱ्या तटाला, विशेषतः वरच्या मजल्यावरच्या कुटुंबांना, कॅन्सर दिसत असतो. ठराव कोणत्याही बाजूने होवो, एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही: शरीरात शिरणाऱ्या विद्युतचुंबकीय ऊर्जेचा मोठा वाटा नेमका येतो कुठून? माझे म्हणणे असे आहे की तो टॉवरवरून येत नाही, आपल्याच हातातल्या फोनमधून येतो, आणि टॉवर लांब गेला की तो वाटा घटण्याऐवजी वाढतो.

आधी भौतिकशास्त्राचा थोडा भाग पाहू. मोबाईलच्या लहरी आणि क्ष-किरण हे एकाच कुळातले आहेत, आणि 'रेडिएशन' हा शब्द दोन्हींना लागतो, तिथूनच निम्मी भीती सुरू होते. क्ष-किरणाचा एकेक फोटॉन, म्हणजे ऊर्जेचा एकेक सुटा पुडका, अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावू शकतो, त्यामुळे डीएनएची मोडतोड होऊ शकते. १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाईल लहरीच्या एका फोटॉनची ऊर्जा मात्र सुमारे ७ मायक्रोइलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट या ऊर्जेच्या एककाचे सात दशलक्षांश, इतकीच असते. साधा रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे इथे लाखो पटींची तूट आहे. लहरींची तीव्रता वाढवली की फोटॉनांची संख्या वाढते, एकेका फोटॉनचे बळ वाढत नाही. कापसाचे बोळे हजारांनी फेकले म्हणून नारळ फुटत नाही.

म्हणून या लहरी शरीराला काहीच करत नाहीत, असे म्हणणे मात्र चूक ठरेल. त्या ऊतींना तापवतात. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शॉर्टवेव्ह डायथर्मीचे यंत्र २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरींनी सांध्याच्या आतपर्यंत ऊब पोहोचवते, ते याच गुणधर्मावर. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले, की संपूर्ण शरीरात किलोग्रॅममागे सरासरी ४ वॅट इतकी ऊर्जा शोषली गेली तर शरीराचे तापमान सुमारे एक अंशाने चढते आणि वागणुकीत फरक पडू लागतो. जगभरच्या मर्यादा याच आकड्यावर उभ्या आहेत. अशा लहरींपासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सामान्य नागरिकांसाठी त्याचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे किलोग्रॅममागे ०.०८ वॅट, ही मर्यादा ठरवली. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची परवानगी असलेली तीव्रता आयोगाने सांगितलेल्या तीव्रतेच्याही एकदशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती आज दर चौरस मीटरला ०.४५ वॅट आहे. हा दहावा हिस्सा कोणत्याही प्रयोगातून निघालेला नाही, तो सावधगिरीचा निर्णय होता. तो घेतला याबद्दल माझी तक्रार नाही, परंतु 'जगापेक्षा दहापट कडक नियम' असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी आणि 'म्हणजे आधीचे नियम घातक होते' असे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही, हे लक्षात ठेवावे.

आता एक हिशेब करू. (पडद्यावर: गच्चीची आकृती, अँटेनापासून पंख्यासारखा पसरणारा झोत.) टॉवरवरच्या उभ्या, लांबट पट्टीसारख्या अँटेनाला २० वॅट शक्ती मिळते असे धरू. ती ही शक्ती सगळीकडे सारखी उधळत नाही. चपटा झोत करून क्षितिजाच्या किंचित खाली सोडते. त्या झोताच्या ऐन मध्यावर सुमारे १००० वॅटइतका प्रभाव मिळतो असे मानले, तर ५० मीटरवर दर चौरस मीटरला साधारण ०.०३ वॅट येतात, म्हणजे भारतीय मर्यादेच्या चौदाव्या हिश्श्याच्या आसपास. १०० मीटरवर त्याच्याही एक चतुर्थांश. एका टॉवरवर अनेक कंपन्यांची अँटेना असतात, तेव्हा ही बेरीज वाढते, हे खरे आहे. तसेच टॉवरच्या थेट खाली, म्हणजे त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, झोत डोक्यावरून निघून जातो आणि मधला काँक्रीटचा स्लॅब उरलेले बरेचसे अडवतो. भाडे घेणाऱ्या इमारतीपेक्षा समोरच्या, तेवढ्याच उंचीच्या इमारतीतल्या खिडकीला जास्त लहरी मिळतात. सभेत भांडतो एक आणि झोतासमोर राहतो दुसरा, हा या व्यवहारातला विनोद आहे. म्हणूनच दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अँटेनाच्या समोर, त्याच उंचीवर, किती अंतरापर्यंत इमारत नसावी हे सांगितलेले आहे. एका अँटेनासाठी ते २० मीटर, दोनसाठी ३५ मीटर, आणि अँटेना वाढतील तसे अंतर वाढत जाते.

आता फोनकडे येऊ. फोनची शक्ती टॉवरच्या तुलनेत किरकोळ असते: जुन्या टूजी फोनची सरासरी फार तर पाव वॅट, फोरजीची कमाल मर्यादा ०.२ वॅट. पण तो कवटीपासून काही मिलिमीटरवर असतो. फोनने पूर्ण जोर लावला असेल, तर कानामागच्या ऊतींत जितकी ऊर्जा शोषली जाते, ती ५० मीटरवरील टॉवरकडून त्याच जागी मिळणाऱ्या ऊर्जेच्या शेकडो पट असू शकते. आणि फोन पूर्ण जोर केव्हा लावतो? टॉवर लांब असतो तेव्हा. फोन आणि टॉवर यांच्यात सतत बोलणी चालू असतात. टॉवर फोनला सांगतो की आवाज खूप स्पष्ट येतो आहे, शक्ती कमी कर. जवळ टॉवर असताना फोरजी फोन कमाल शक्तीच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी जोरावर काम करू शकतो. घाटातल्या एसटीत किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये सिग्नलची एकच कांडी दिसत असताना तोच फोन पूर्ण ताकदीने ओरडत असतो, म्हणून तिथे बॅटरी झपाट्याने उतरते. (कान गरम होतो तो मुख्यतः बॅटरीच्या आणि आतल्या सर्किटच्या उष्णतेने, लहरींमुळे नव्हे.) २०१२ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा आणि रुग्णालयांवरचे टॉवर हटवण्याचा आदेश दिला होता. मुलांच्या काळजीपोटी दिलेल्या अशा आदेशाचा उलटा परिणाम असा होऊ शकतो, की त्या परिसरातला प्रत्येक फोन अधिक जोराने चालू लागतो.

मग फोनमुळे काही होते का? भारतात फोनला डोक्यातील कोणत्याही एका ग्रॅम ऊतीत किलोग्रॅममागे १.६ वॅटची मर्यादा आहे. आपल्या फोनचा आकडा पाहायचा असेल तर डायल पॅडवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबावे. बहुतेक अँड्रॉइड फोनवर तो दिसतो. हा आकडा सर्वात वाईट परिस्थितीत, पूर्ण शक्तीवर मोजलेला असतो. त्याची तुलना कशाशी करावी? विश्रांतीत असलेले शरीर स्वतःच किलोग्रॅममागे साधारण एक वॅट उष्णता निर्माण करते, आणि मेंदू तर त्याच्या दहापट. ती सगळी उष्णता रक्तप्रवाह वाहून नेतो, त्यात फोनची भर पडली तर ऊतीच्या तापमानात अंशाच्या काही दशांशांपेक्षा जास्त फरक पडत नाही. उष्णतेचा प्रश्न येथे मिटतो.

उष्णतेखेरीज दुसरी काही वाट आहे का, हाच खरा वाद आहे, आणि इथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२ब' गटात टाकले, म्हणजे 'कदाचित कर्करोगजन्य'. त्याचा मोठा आधार होता १३ देशांतील इंटरफोन अभ्यास, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक बोलणाऱ्या दहा टक्के लोकांत ग्लायोमा या मेंदूच्या गाठीचे प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त दिसले. वृत्तपत्रांनी एवढेच छापले. त्याच अभ्यासात नियमित फोन वापरणाऱ्या सर्वांचा एकत्र विचार केला, तर गाठीचे प्रमाण फोन न वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी कमी होते. फोन गाठीपासून वाचवतो असे कोणी म्हणणार नाही. याचा अर्थ माहिती गोळा करण्यातच कुठेतरी कल आहे. मेंदूत गाठ निघालेला रुग्ण 'मी किती बोललो' हे आठवताना कारण शोधत असतो, आणि दिवसाला बारा तासांहून अधिक बोलत असल्याचे सांगणारे रुग्णही त्यात निघाले. स्मरणावर उभा केलेला आकडा कितीही दशांशांपर्यंत मोजला तरी तो स्मरणच राहतो.

नंतर हा दोष टाळण्याचे प्रयत्न झाले. युरोपातील कॉसमॉस अभ्यासाने अडीच लाखांहून अधिक लोकांना आधीच नोंदवून ठेवले आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत जास्त बोलणाऱ्यांत गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. १० ते २४ वर्षे वयोगटासाठी १४ देशांत झालेल्या मोबी-किड्स अभ्यासात भारतही सहभागी होता. त्यातही फोन आणि मेंदूच्या गाठी यांचा संबंध आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून झालेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला ६३ अभ्यासांचा आढावाही याच बाजूला जातो.

तरीही दप्तर बंद करता येत नाही, आणि ते उंदरांमुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने दोन वर्षे उंदरांना दिवसाला नऊ तास, संपूर्ण शरीरावर, मोबाईलच्या लहरी दिल्या. २०१८ च्या अंतिम अहवालात मोठ्या जातीच्या नर उंदरांच्या हृदयातील दुर्मीळ गाठींबाबत 'स्पष्ट पुरावा' असा शेरा आला. लहरींची मात्रा माणसाला मिळणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट होती, माद्यांत तसे स्पष्ट काही दिसले नाही, आणि लहरी मिळालेले नर, न मिळालेल्या नरांपेक्षा जास्त जगले. जो जास्त जगतो त्याला म्हातारपणीच्या गाठी होण्याची संधीही जास्त असते. मला हा पुरावा दुबळा वाटतो. मात्र २०२५ मध्ये प्राण्यांवरील अभ्यासांचा जो आढावा आला, त्याच्या लेखकांनी नर उंदरांतील हृदयाच्या आणि मेंदूच्या गाठींचा पुरावा भक्कम मानला आहे. जाणकारांत मतभेद आहे तो इथे. तो टॉवरबद्दल नाही.

घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या क्षेत्राची कथा वेगळी आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरात वीजवाहिन्यांजवळ राहणाऱ्या मुलांत रक्ताचा कर्करोग अधिक दिसला. २००० साली अनेक अभ्यास एकत्र केल्यावर असे निघाले, की सरासरी ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा जास्त चुंबकीय क्षेत्रात राहणाऱ्या मुलांत हे प्रमाण सुमारे दुप्पट आहे; मात्र अशी मुले शेकड्यात एकही भरत नाहीत. हा संबंध आकडेवारीत टिकून आहे, त्याची शारीरिक यंत्रणा कोणालाही दाखवता आलेली नाही. हेअर ड्रायर डोक्याजवळ धरल्यावर त्याच्या शेकडो पट क्षेत्र मिळू शकते, पण काही मिनिटेच.

शरीराला किंवा यंत्राला क्षेत्र जाणवणे आणि त्यातून अपाय होणे, या दोन गोष्टी एक नाहीत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजणीत व्यत्यय येणार हे स्पष्ट झाले, आणि ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले. उपकरणांना ट्राम जाणवली असती, प्रवाशांना काही झाले नाही. उलट, क्षीण क्षेत्रांचा सजीवावर परिणाम होतच नाही असेही नाही: जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे २०१४ मध्ये असे दिसले की शहरातील एएम रेडिओच्या पट्ट्यातला अत्यंत क्षीण गोंगाट स्थलांतरित रॉबिन पक्ष्यांची चुंबकीय दिशाज्ञानाची क्षमता बंद पाडतो. तो पट्टा मोबाईलचा नव्हे. आणि टॉवरमुळे शहरातल्या चिमण्या नाहीशा झाल्या असे म्हणतात, पण आपली चिमणी तर स्थलांतर करतच नाही. कौलांच्या वळचणी आणि पिल्लांना भरवायच्या अळ्या, दोन्ही शहरातून गेल्या, तिकडे आधी पाहावे.

टॉवरजवळ राहून डोके दुखते, झोप लागत नाही, असे सांगणाऱ्यांना खोटे ठरवू नये. त्रास खरा असतो. फक्त, स्वतःला लहरी जाणवतात असे सांगणाऱ्या लोकांवरच्या ३१ प्रयोगांचा आढावा २००५ मध्ये लंडनमध्ये घेतला गेला, तेव्हा उपकरण चालू आहे की बंद हे न सांगता विचारल्यावर बहुतेक प्रयोगांत त्यांना ते ओळखता आले नाही. भीतीनेही डोके दुखते.

ज्यांना खरी काळजी घ्यायची गरज आहे ते वेगळेच लोक आहेत. अँटेनाच्या तोंडासमोर काम करणारे कामगार पहिले. ते वर चढण्याआधी प्रक्षेपण बंद केलेले असलेच पाहिजे. पेसमेकर असलेल्यांनी फोन वरच्या खिशात ठेवू नये, यंत्रापासून निदान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा. बाकीच्यांनी लांबलचक गप्पा इअरफोनवर माराव्यात आणि एक कांडी असेल तिथे फोन कानाला लावून बसू नये, एवढे पुरे.

संस्थेच्या सभेत वाद मिटत नसेल तर मोजमाप मागवा. केंद्र सरकारच्या तरंग संचार या संकेतस्थळावर आपल्या परिसरातील टॉवर नकाशावर दिसतात, आणि ४००० रुपये शुल्क भरून कोणीही आपल्या जागेची मोजणी करून घेऊ शकतो. अहवाल हाती आला की प्रत्येक वारंवारतेची मोजलेली तीव्रता तिच्या मर्यादेने भागून त्या सगळ्यांची बेरीज पाहावी. ती एकपेक्षा कमी असायला हवी. मोजणी समोरच्या इमारतीच्या खिडकीतही घ्यायला सांगा, केवळ आपल्या गच्चीवर नको.