पुस्तक मिटायची हिंमत

(शालेय वर्षाच्या सुरुवातीला पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष, आयोजक आणि पालक मंडळी,

पत्रिकेत माझ्या नावाखाली पाच मुद्दे छापलेत. अभ्यास, उजळणी, झोप, कौतुक आणि शाळेशी संवाद. वेळ अर्धा तास. पहिल्या मुद्द्यावर मी सुरू झालो की बाकीच्या चारांची काय गत होते हे अध्यक्षांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून आज ते मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवून बसलेत. बसू देत.

मला आधी हायलायटरबद्दल बोलायचंय. हसा, हसा. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी नुकताच चार रंगांचा संच घेतलाय, तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय. नवं वर्ष सुरू झालं की घरात उत्साह येतो आणि तो सगळा वस्तूंत जिरतो. वह्या येतात, पेनं येतात, भिंतीवर रंगीत वेळापत्रक चिकटतं. त्या वेळापत्रकाचं आयुष्य किती असतं ते सांगत नाही, इथे मुलंही बसली आहेत.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. आठवीची, शांत, अक्षर सुरेख. तिची आई मला भेटायला आली आणि म्हणाली, ‘सर, रोज दोन-दोन तास अभ्यास करते हो, मी समोर असते. मग मार्क जातात कुठे?’ मी पुस्तक मागवलं. विज्ञानाचं. उघडलं तर पान कुठे दिसेना, रंगच रंग! पिवळं म्हणजे महत्त्वाचं, हिरवं म्हणजे व्याख्या, गुलाबी म्हणजे ‘परीक्षेत येणार’. मी विचारलं, बाळ, यात न रंगवलेलं काय आहे? तिने प्रामाणिकपणे पानाचा क्रमांक दाखवला.

मग मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, प्रकाशसंश्लेषण काय असतं ते सांग. ती म्हणाली, ‘सर, पान डोळ्यांसमोर दिसतंय. डावीकडे, वरून तिसरी ओळ, गुलाबी.’ वा! काय लिहिलंय त्या ओळीत? जरा वेळ गप्प. मग, ‘ते नाही दिसत आहे.’

मंडळी, ही मुलगी ढ नव्हती आणि आळशी तर नव्हतीच. तिची फसगत झाली होती. तेच पान पुन:पुन्हा वाचलं की ते ओळखीचं वाटायला लागतं, आणि ओळखीचं वाटलं की ‘येतंय मला’ असं वाटतं. रोज रस्त्यात भेटणाऱ्या माणसाला आपण हसून नमस्कार करतो, पण नाव विचारलं तर सांगता येत नाही, तशातला प्रकार. परीक्षेत मात्र चेहरा दाखवत नाहीत, थेट नावच विचारतात.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एक उतारा सूर्यावर होता आणि एक समुद्री पाणमांजरांवर. (पाणमांजरांचा उतारा आमच्या पाठ्यपुस्तकात असता तर मीही आवडीने शिकवला असता. असो.) एका गटाने उतारा चार सत्रांत फक्त वाचला, पुन:पुन्हा. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ६१ टक्के मजकूर होता आणि नुसत्या वाचणाऱ्यांच्या सुमारे ४० टक्के. खरी गंमत पुढेच आहे. ‘आठवड्याने तुमच्या किती लक्षात राहील?’ असं आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त आत्मविश्वास वाचणाऱ्यांनाच होता.

पुढे २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागून करणं या दोन सर्वांत उपयुक्त ठरल्या. तळाच्या गटात कोण? हायलायटर. आणि त्याच्या शेजारी पुन्हा-पुन्हा वाचन. आता हसलेले कोणी हसत नाहीयेत.

तर त्या मुलीला मी एक कोरा कागद दिला. रोज संध्याकाळी वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते या कागदावर उतरवायचं. चित्र काढलंस तरी चालेल. मग पुस्तक उघडून ताडून बघायचं. पहिल्या दिवशी चार ओळी आल्या, त्यातली एक अशी: ‘झाडे दिवसा श्वसन करत नाहीत, फक्त रात्री करतात.’ बघा! झाडं श्वसन दिवसरात्र करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा जोर मोठा असल्यामुळे ते वरून दिसत नाही, इतकंच. हा गैरसमज तिच्या डोक्यात बहुधा महिनाभर मुक्कामाला होता. गुलाबी रंगाने तो बाहेर काढला असता का? कोऱ्या कागदाने दहा मिनिटांत काढला. माझ्या मते कागदाचा हा उपयोग मार्कांपेक्षा मोठा आहे: काय येत नाही हे नेमकं कळतं.

घरी हे करताना एक पथ्य पाळा. आठवण्याची परीक्षा करू नका. काही वडील, सगळे नाही, पुस्तक हातात आलं की एकदम तपासनीस होतात. ‘एवढंही येत नाही?’ हे वाक्य दोनदा ऐकलं की मूल तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटू देत नाही. मूल अडलं तर थोडं अडू द्या. लगेच उत्तर पुरवू नका. आठवायला झालेली ती ओढाताणच कामी येते. आणि ताडून बघणं विसरू नका, नाहीतर चुकीचंच पक्कं होईल. लहान मुलांना लिहायला लावू नका, तोंडी विचारा. ‘आज काय शिकवलं?’ याला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं; त्याऐवजी ‘आज वर्गात कशावर हशा झाला?’ असं विचारून सुरुवात करा, गणितापर्यंत आपोआप पोचाल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मुद्दे चार. चला.

उजळणी. १८८५ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने निरर्थक अक्षरजुळण्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले. एका दिवसानंतर तेच पुन्हा पाठ करताना मूळ कष्टांपैकी जेमतेम एक तृतीयांश वाचले. म्हणजे बहुतेक गळती पहिल्याच दिवसात होते. म्हणून दुसऱ्या दिवशी थोडं, तीन-चार दिवसांनी थोडं, आठवड्याने पुन्हा थोडं. रविवारचे सलग चार तास नकोत. मोठ्या सुट्टीनंतरही असंच. १९९६ च्या कूपर आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात उन्हाळी सुट्टीत साधारण महिन्याभराच्या शिक्षणाइतकी घसरण दिसली होती, वाचनापेक्षा गणितात जास्त. तेव्हा पहिल्या पंधरवड्यात पोराला पाढे आठवत नसतील तर घाबरून क्लास लावू नका. रोज थोडी गणितं द्या.

झोप. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये शिफारस केली: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षांच्यांना ८ ते १० तास. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. फोन मुलाच्या खोलीबाहेर. तुमचाही. इथे मला टाळ्या अपेक्षित नव्हत्याच.

कौतुक. ‘हुशार आहेस’ म्हणू नका, काय केलंस ते सांगा. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांनी अपयशानंतर लवकर हात टेकले, आणि आपले गुण इतर मुलांना कळवताना त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांनी ते वाढवून सांगितले. या विषयावर पुढे बरेच वाद झाले, पण ‘दुसरं उदाहरण अडलं तेव्हा तू आकृती काढलीस, ते आवडलं’ असं म्हणायला वादाची गरज नाही.

शाळेशी संवाद. तक्रार घेऊन जाण्याच्या आधी एकदा नुसते जा, पहिल्याच महिन्यात. शिक्षकांना दोन गोष्टी सांगा: मूल कशात रमतं आणि कशाला घाबरतं. त्यांना एक विचारा: तुमच्या विषयात मुलं नेहमी कुठे अडतात? हे विचारणारे पालक मला वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटायचे, आणि त्यांची मुलं कुठल्या बाकावर बसतात ते मला आजही सांगता येईल. अध्यक्ष उभे राहिले. थांबतो. प्रश्न असतील तर मागच्या रांगेपासून सुरू करा, पुढच्यांना मी येताना ऐकून घेतलंय.