विहिरीपर्यंत जाता जाता ४० व्होल्ट कुठं गेले?

मंडळी, मोटर जळाली की आपण पहिले मोटरलेच शिव्या देतो, माल बोगस निघाला म्हणतो. मी इतकी वर्षं वायंडिंग, म्हणजे मोटरीतल्या तारेचे वेटोळे, भरून राह्यलो, माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याच मोटरींत दोष मोटरचा नसतेच, वायरचा असते. डोळ्याले दिसत नाही तो, पण हिशेबात बरोबर सापडते.

हिशेबाले दोनच आकडे लागतात, व्होल्ट म्हणजे विजेचा दाब आणि अँपिअर म्हणजे वाहणारा करंट. जर्मनीतला गणिताचा मास्तर होता जॉर्ज ओम, त्यानं १८२७ मध्ये मांडून ठेवलं की व्होल्टले अँपिअरनं भागा, रेझिस्टन्स, म्हणजे करंटले होणारा अडथळा, निघते, तो ओहममध्ये. आणि दोघांचा गुणाकार केला की वॅट.

आता मागच्या रब्बीतलं सांगतो. हरभऱ्याले ओलित चालू होतं, २ एचपीची सिंगल फेज मोटर. मोटर चालू ठेवूनच मोजलं, मीटरपेटीत २३० व्होल्ट आणि विहिरीवर स्टार्टरपाशी १९०, टाँग टेस्टर, म्हणजे वायरले चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर, लावला तर १२ अँपिअर. म्हणजे ४० व्होल्ट वाटेतच गेले ना? ४० भागिले १२, जवळपास ३.३ ओहम, हा त्या केबलचा रेझिस्टन्स. ४० गुणिले १२, ४८० वॅट. रात्रीचे ८ तास लाइन राह्यली तर पावणेचार युनिटच्या वर वीज नुसती केबल तापवण्यात गेली, हरभऱ्याले त्यातलं थेंबभर पाणी नाही.

केबल होती ४ स्क्वेअर एमएमची, ॲल्युमिनियमची, अंतर २४० मीटर, पण करंट जाते तसा परत बी येते म्हणून धरायची ४८० मीटर, हे लोक विसरतात. १० स्क्वेअरची जाड केबल टाकली असती तर ३.३ ची १.३ ओहम झाली असती अन् ४० च्या जागी १६ व्होल्टच पडले असते.

कोणी म्हणते, व्होल्टेज कमी तर करंट बी कमीच होईन. पाणी तापवायच्या रॉडले हे लागू आहे. १५०० वॅटचा रॉड २३० वर साडेसहा अँपिअर घेते, रेझिस्टन्स ३५ ओहम, १७० व्होल्टवर तो ८२० वॅटच्या आसपास येते, पाणी उशिरा तापते, बाकी नुकसान काही नाही. मोटरचं उलटं आहे भाऊ. तिले तेवढंच पाणी तेवढ्याच खोलीतून उचलायचं असते, व्होल्ट कमी पडले की ती अँपिअर जास्त ओढते, आणि वायंडिंगमधली उष्णता अँपिअरच्या वर्गानं वाढते, दीडपट करंट म्हणजे सव्वादोनपट गरमी. वार्निश जळल्याचा वास येते तो इथूनच.

एक सांभाळा, मोटरवर १९० भागिले १२ करून वायंडिंगचा रेझिस्टन्स काढू नका, तो एसी, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या करंटवरच्या कॉइलचा मामला आहे, तिथं हा साधा भागाकार चालत नाही. केबलले चालते, जॉइंटले चालते.

आणि जॉइंट! नुसती पिळून टेप मारलेली वायर, तिथं अर्धा ओहम जरी आला तरी १२ गुणिले १२ गुणिले अर्धा, ७२ वॅट. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब हातात धरवत नव्हता, इथं त्याच्याहून जास्त उष्णता बोटभर जागेत. उन्हाळ्यात धुऱ्यावरचं वाळलं गवत पेटायले अजून काय पाह्यजे? म्हणून घरी गेले की मेन बंद करून पहिले जॉइंट पहा, टेप काळी पडली असन, कडक झाली असन, तर वायर तिथून कापा आणि क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडून घ्या. मोजायचं असन तर टाँग टेस्टर माझ्याकडं आहे, मी येतो वावरात.