निवृत्तीचं वय सोडा, आयुष्यभराचे तास मोजा

नमस्कार! डेन्मार्कच्या संसदेने मे 2025 मध्ये ठरवलं की 2040 पर्यंत तिथलं निवृत्तीचं वय 70 होणार. जर्मनीत 1964 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना 67. आणि आपल्या नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतला फिटर? बऱ्याच कारखान्यांत 58 ला सुटतो. मग कमी कोण राबलं? चला, वही-पेन घ्या.

(स्क्रीनवर हिशोब)

वर्षाचे दिवस 365. साप्ताहिक सुट्ट्या 52 गेल्या, उरले 313. सणवार आणि राष्ट्रीय सुट्ट्या मिळून 8 धरू. 20 दिवस कामामागे 1 दिवस भरपगारी रजा, म्हणजे साधारण 15. राहिले 290 दिवस. पाळी 8 तासांची, म्हणजे वर्षाला 2,320 तास. विसाव्या वर्षी लागला, 58 ला निघाला, तर 38 वर्षांचे होतात 88,160 तास.

आता जर्मनी. इथे हमखास चूक होते. वर्षाला साधारण 1,340 तास ही तिथली सरासरी उचलायची, 47 वर्षांनी गुणायची आणि 63,000 वर मोकळं व्हायचं. पण त्या सरासरीत अर्धवेळ काम करणारेही आहेत, आणि जर्मनीत ते पुष्कळ आहेत. फिटरची तुलना फिटरशीच करा. पूर्णवेळ कामगाराचा आठवडा 38 तासांचा धरा, दिवस पाच. 260 दिवसांतून 30 रजा आणि 10 सार्वजनिक सुट्ट्या वजा केल्या की 220 दिवस. रोजचे 7.6 तास, वर्षाचे 1,672. विसाव्या वर्षापासून 67 पर्यंत 78,584.

नऊ वर्षं उशिरा निवृत्त होऊनही तो आपल्या माणसापेक्षा साडेनऊ हजार तास कमी काम करतो. फरक वयाने पडत नाही, शनिवारने आणि रजेने पडतो.

यात ओटी, म्हणजे पाळीनंतरचं जादा काम, धरलेलाच नाही. पगाराच्या पावतीवरचा ओटीचा रकाना बघा. आठवड्याला फक्त 4 तास, वर्षातले 50 आठवडे, म्हणजे 38 वर्षांत आणखी 7,600. डब्याची अर्ध्या तासाची सुट्टी आणि कारखान्यापर्यंतचा बसचा प्रवास हे तास वेगळे मांडा, यात मिसळू नका. नाहीतर दोन देशांची तुलनाच होत नाही. आणि मे महिन्यात 45 अंशांत पत्र्याखाली काढलेला तास कुठल्याही तक्त्यात वेगळा दिसत नाही. मला ते खटकतं.

आता 58 नंतरचं बघू. ईपीएस-95, म्हणजे पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना, तिचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पगाराची मर्यादा 15,000. सेवा 30 वर्षं असेल तर 2 वर्षं वाढीव मिळतात, म्हणजे 32. ही मर्यादा पूर्ण सेवेला लागू धरली तरी महिन्याला येतात 6,857 रुपये. एवढ्यात घर चालत नाही, म्हणून माणूस दुसऱ्याच महिन्यात एखाद्या अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहतो. 12 तासांची ड्युटी, महिन्याचे 26 दिवस, वर्षाला 3,744 तास. पाच वर्षं काढली तर 18,720.

ओटी सोडूनही बेरीज गेली 1,06,880 वर. तुमच्या घरातल्या माणसाचा हिशोब मांडाल तेव्हा ही गेटवरची वर्षं वेगळ्या ओळीत लिहा, आणि निवृत्तीच्या वयापुढे 58 नाही, 63 लिहा.