पवनारचा नोव्हेंबर

(पहाट. धाम नदीचं पात्र, खडक, वर टेकाडावर आश्रम.)

वर्ध्याजवळचं पवनार. नदीकाठच्या या टेकाडावर 1959 साली विनोबांनी साधक स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर हा आश्रम सुरू केला. शेती, स्वयंपाक, झाडलोट सगळं इथं आपल्याच हातानं. आयुष्याच्या शेवटी विनोबाही इथंच राहिले. भूदानासाठी तेरा-चौदा वर्षं देश पायी तुडवलेला माणूस, पण म्हातारपणी हे आवार पुरलं.

1982 चा नोव्हेंबर. वय 87. पाच तारखेला हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टर आले, उपचार झाले, थोडा उतारही पडला. आणि तीनच दिवसांत विनोबांनी अन्न, औषध आणि पाणीही बंद केलं.

याला प्रायोपवेशन म्हणतात. शब्द जड आहे. घरातल्या भाषेत सांगायचं तर, ओठाशी आलेला चमचा परत पाठवायचा.

15 नोव्हेंबरला, दिवाळीच्या अमावास्येला, विनोबा गेले.

(नदी. नुसता पाण्याचा आवाज.)

ही आत्महत्या की आणखी काही, यावर तेव्हाही वाद झाला. मी त्यात पडत नाही. माझ्या डोळ्यांपुढे येतात ती उशाशी बसलेली माणसं. जन्मभर ज्यांचं ऐकलं, त्यांना घोटभर पाणीही द्यायचं नाही! जाणाऱ्याचं ठरलेलं असतं. पाण्याचा पेला हातात धरून बसणाऱ्यानं काय करायचं?

या मरणाची तयारी मात्र फार जुनी. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. आठव्या अध्यायाच्या दिवशी विषय निघाला तो शेवटच्या क्षणाचा, आणि त्यासाठी रोज मरणाची आठवण ठेवण्याचा. बोलणारा तेव्हा अवघा 36 वर्षांचा होता. पुढची पन्नास वर्षं हा धडा गिरवणं चालू होतं, असंच म्हणावं लागेल.

आपल्याकडे उलट. म्हाताऱ्यानं विषय काढला की आपण म्हणतो, "अहो, काहीतरीच काय बोलता!" त्याला धीर देतोय असं वाटतं. खरं तर धीर आपलाच सुटलेला असतो.

(घर. टेबलावर कागद, चष्मा.)

माझे बाबा 81 वर्षांचे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनीच विषय काढला. बरं होण्याची आशा उरली नसेल तर नुसतं यंत्रावर जगवत ठेवू नका, असं शुद्धीत असताना लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्यता दिली. 2023 मध्ये रीत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पुढे वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं बघून ठरवतात.

तसा कागद तयार केला. बाबांनी तो दोनदा वाचला. शुद्धलेखनाची एक चूक काढली. मास्तर होते ना. साक्षीला शेजारचे काका आले, त्यांचाच हात थरथरत होता. आईनं मधेच उठून कुकर बंद केला आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

सही झाल्यावर बाबांनी कागद विम्याच्या फायलीत लावला, पेनाचं टोपण बसवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पाणी मात्र पाजजो रे. मी काही विनोबा नाही."