उत्तराला आधी कुंपण

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल जवळ घ्या. आज आपण काही गणिते मिळून सोडवणार आहोत आणि एवढे आकडे नुसते कानांनी धरून ठेवणे अवघड जाते. सावकाश जाऊ.

पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, प्रोग्रॅमिंग असे विषय घेणारी मुले बहुधा एकाच जागी अडतात. सूत्र पाठ असते, कॅल्क्युलेटर हाताशी असतो, आकडे घातले की उत्तरही येते. पण ते बरोबर आहे का, हे पुस्तकाची शेवटची पाने उलटल्याशिवाय सांगता येत नाही, आणि परीक्षेत ती पाने नसतात. म्हणून आज एकच सवय सांगायची आहे. आकडेमोडीला हात घालण्याआधी उत्तराला कुंपण घाला. उत्तर कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, धन की ऋण, कोणत्या एककात, हे समासात पेन्सिलीने लिहा. दीड-दोन मिनिटे लागतात. मग गणित सोडवा. उत्तर कुंपणाच्या बाहेर पडले तर पुढे जाऊ नका, मागे फिरा.

भौतिकशास्त्रापासून सुरुवात करू. एका इमारतीची गच्ची जमिनीपासून ४० मीटर उंच आहे. गच्चीच्या कडेवरून एक दगड सरळ वर फेकला, सेकंदाला १० मीटर वेगाने. हवेचा विरोध सोडून द्या, गुरुत्व त्वरण १० धरा. दगड जमिनीवर किती सेकंदांनी पडेल?

सूत्र आठवायच्या आधी कुंपण. दगड न फेकता नुसता सोडून दिला असता तर ४० बरोबर ५ गुणिले टी वर्ग; टी म्हणजे वेळ, आणि ५ म्हणजे त्वरणाचे एक द्वितीयांश. टी वर्ग आला ८, म्हणजे वेळ सुमारे २.८ सेकंद. आपला दगड आधी वर जातो, त्यामुळे उत्तर याहून मोठेच हवे. वरची मर्यादा? वेग दर सेकंदाला १० ने घटतो, म्हणून वर जायला १ सेकंद, पुन्हा गच्चीच्या पातळीला यायला १ सेकंद. तिथून तो १० च्या वेगाने खाली निघालेला असतो, म्हणजे उरलेले ४० मीटर २.८ सेकंदांच्या आतच संपतील. तेव्हा उत्तर २.८ आणि ४.८ यांच्या मध्ये. हे समासात लिहा.

आता सोडवू. वरची दिशा धन. मग सुरुवातीचा वेग अधिक १०, त्वरण उणे १०, आणि जमीन गच्चीच्या खाली असल्यामुळे विस्थापन उणे ४०. उणे ४० बरोबर १० टी उणे ५ टी वर्ग. सगळे एका बाजूला घेऊन ५ ने भागले की टी वर्ग उणे २ टी उणे ८ बरोबर शून्य. अवयव टी उणे ४ आणि टी अधिक २. उत्तर ४ सेकंद, कुंपणाच्या आत. ताळा ऊर्जेने करा : अंतिम वेगाचा वर्ग १०० अधिक २ गुणिले १० गुणिले ४०, म्हणजे ९००, वेग ३०. दुसऱ्या वाटेने १० उणे ४०, म्हणजे उणे ३०. दोन्ही जुळले.

चूक कुठे होते ते पाहा. विस्थापन अधिक ४० घेतले तर वर्गसमीकरणाला वास्तव उत्तरच मिळत नाही, कारण हा दगड गच्चीच्या वर फक्त ५ मीटर जाऊ शकतो. ही चूक निदान स्वतःच ओरडून सांगते. खरी धोक्याची चूक दुसरी आहे. सगळी चिन्हे धन घेतली तर टी वर्ग अधिक २ टी उणे ८ बरोबर शून्य, आणि उत्तर येते २ सेकंद. पूर्णांक, नीटनेटके, खाली दोन रेघा ओढाव्यात असे. पण ते दगड खाली फेकल्याचे उत्तर आहे. समासात २.८ लिहिलेले असेल तर २ तिथल्या तिथे पकडले जाते.

उणे २ हे दुसरे मूळ बहुतेक मुले न बघता खोडतात. त्यालाही अर्थ आहे, आणि तो फार सुंदर आहे. हाच दगड २ सेकंद आधी जमिनीवरून ३० च्या वेगाने वर फेकला असता, तर आपल्या शून्य क्षणाला तो ४० मीटरवर, बरोबर १० च्या वेगाने वर जात असता. समीकरणाला गच्ची माहीत नाही, त्याला फक्त मार्ग माहीत आहे. हे एकदा कळले की ऋण मूळ का सोडायचे ते पाठ करावे लागत नाही.

एकक आणि कॅल्क्युलेटर यांबद्दल थोडक्यात. ताशी किलोमीटर दिले असतील तर ५ ने गुणून १८ ने भागा, ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. आणि त्रिकोणमिती असलेल्या पेपराआधी साइन ३० दाबून बघा. ०.५ आले तर ठीक, उणे ०.९८८ आले तर यंत्र रेडियनवर आहे.

आता अर्थशास्त्र. पी म्हणजे किंमत. मागणी १०० उणे २ पी, पुरवठा २० अधिक २ पी. दोन्ही समान केले की समतोल किंमत २० रुपये, नग ६०. सरकारने विक्रेत्यावर नगामागे १० रुपये कर लावला. नवी किंमत किती?

कुंपण घाला. कर विक्रेत्यावर आहे, तो त्यातला काही भाग ग्राहकावर ढकलेल. ग्राहकाची किंमत २० पेक्षा कमी होणार नाही आणि ३० च्या वर जाणार नाही. नग ६० पेक्षा कमी होतील. आता मांडणी. ग्राहक पी देतो, विक्रेत्याच्या हातात पी उणे १० पडतात, म्हणून पुरवठ्याच्या समीकरणात पीच्या जागी पी उणे १० घालायचे. २० अधिक २ पी उणे २०, म्हणजे नुसते २ पी. १०० उणे २ पी बरोबर २ पी. किंमत २५, नग ५०, विक्रेत्याला १५. कराचा भार ५-५ असा वाटला गेला, कारण इथे दोन्ही रेषांचा उतार सारखा आहे. सरकारला ५०० रुपये मिळाले. नेहमीची चूक म्हणजे पी अधिक १० घालणे. मग किंमत १५ येते. कर लावल्यावर वस्तू स्वस्त झाली! आकडेमोड निर्दोष, चिन्ह उलटे.

लवचिकता म्हणजे मागणीतला टक्केवारी बदल भागिले किमतीतला टक्केवारी बदल. तिच्या गणितात गोंधळ वेगळा असतो. किंमत २० वरून २५ झाली, मागणी १०० वरून ८० झाली. किंमत २५ टक्के वाढली, मागणी २० टक्के घटली, लवचिकता उणे ०.८. तेच उलट जा : २५ वरून २०, ८० वरून १००. आता उत्तर उणे १.२५. एकाच रेषेच्या एकाच तुकड्याची दोन उत्तरे, कारण टक्केवारीचा पाया बदलला. पाया दोन्ही टोकांच्या सरासरीचा घ्या : २० भागिले ९० आणि ५ भागिले २२.५, दोन्ही २२.२ टक्के, लवचिकता बरोबर उणे १. ताळा सोपा आहे. २० गुणिले १०० दोन हजार, २५ गुणिले ८० दोन हजार. एकूण खर्च बदलला नाही म्हणजे लवचिकता एकक. हा ताळा आधी केला असता तर उत्तर सूत्राविना हातात आले असते.

संख्याशास्त्रात कुंपण सर्वांत जास्त उपयोगी पडते असे मला वाटते, कारण इथे चुकीचे उत्तर दिसायला फार सभ्य असते. तीन निरीक्षणे घ्या : १०१, १०२, १०२. प्रचरण, म्हणजे निरीक्षणे मध्यापासून किती पसरली आहेत त्याचे माप, काढायचे. वर्गांची बेरीज ३१,००९. मध्य १०१.६६ आणि पुढे सहाच सहा. समजा कोणी तो १०१.७ असा लिहिला आणि छोट्या सूत्रात घातला, म्हणजे वर्गांच्या बेरजेतून मध्याच्या वर्गाची तिप्पट वजा केली. १०१.७ चा वर्ग १०,३४२.८९, तिप्पट ३१,०२८.६७. वजाबाकी उणे १९.६७. मध्यापासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ऋण! खरे उत्तर अधिक ०.६७ आहे. दोन प्रचंड, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी केली की छोटीशी निकटन-चूक उत्तराला गिळून टाकते. यावर उपाय दोन. मध्य अपूर्णांकातच ठेवा, ३०५ भागिले ३. किंवा आधी प्रत्येक निरीक्षणातून १०० वजा करा आणि १, २, २ वर काम करा. प्रचरण बदलत नाही.

दुसरे, भागायचे कशाने, निरीक्षणांच्या संख्येने म्हणजे एनने, की एन उणे १ ने? ४, ७, ८, ९, १२ ही पाच निरीक्षणे घ्या. मध्य ८. विचलने उणे ४, उणे १, शून्य, १, ४. बेरीज शून्य आली का ते इथेच बघा. वर्गांची बेरीज ३४. हीच पाच माणसे म्हणजे संपूर्ण समूह असेल तर ५ ने भागा, प्रमाण विचलन २.६१. हा मोठ्या समूहातला नमुना असेल तर ४ ने भागा, २.९२. चारने का? विचलनांची बेरीज शून्य ठरलेलीच आहे, म्हणून चार विचलने कळली की पाचवे मोकळे राहत नाही. मध्यच या पाच जणांकडून घेतल्यामुळे ते त्याच्या जरा जास्तच जवळ दिसतात. एकाने कमी भागून ती कसर भरून काढतात. यंत्रांतही मतभेद आहे. पायथनमधली नमपाय लायब्ररी काही न सांगता एनने भागते, पांडाज एन उणे १ ने. दोन मैत्रिणींची उत्तरे २.६१ आणि २.९२ अशी आली तर भांडणाआधी भाजक विचारा.

आणि संभाव्यता. एक आजार हजारात १० जणांना आहे. चाचणी आजाऱ्यांपैकी ९० टक्के पकडते, पण निरोगींपैकी १० टक्क्यांनाही चुकून बाधित ठरवते. चाचणीने बाधित ठरवलेला माणूस खरोखर आजारी असण्याची संभाव्यता किती? घाईत ९० टक्के लिहिले जाते. सूत्र बाजूला ठेवा आणि हजार माणसे उभी करा. १० आजारी, त्यांतले ९ पकडले. ९९० निरोगी, त्यांतले ९९ चुकून पकडले. एकूण १०८ जणांच्या हाती कागद, खरे आजारी ९. बारात एक, म्हणजे ८.३ टक्के. बेजच्या सूत्राचा प्रश्न आला की आधी अशी माणसे मोजा, मग सूत्र लिहून गुण मिळवा.

राहिले प्रोग्रॅमिंग. मघाचा दगड सी भाषेत सोडवताना गुरुत्वाच्या पदातले एक द्वितीयांश हे १ भागिले २ असे लिहिले, तर दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, म्हणजे शून्य. गुरुत्वाचे सगळे पदच गायब होते. ४ सेकंदांनी विस्थापन उणे ४० ऐवजी अधिक ४० छापले जाते. आकडा ओळखीचा, म्हणून चिन्हाकडे लक्ष जात नाही. १.० भागिले २.० लिहा.

पण सरावासाठी माझी निवड वेगळी आहे, आपल्या देवळालीची. तिथे शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ साली शोधलेला ६१७४. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, मोठीतून छोटी वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. कुंपण आयते मिळाले : पायऱ्या सातपेक्षा जास्त नाहीत, आणि त्याच अंकांच्या दोन मांडण्यांची वजाबाकी असल्यामुळे प्रत्येक उत्तर ९ ने भागले गेलेच पाहिजे. ही दोन्ही बंधने प्रोग्रॅममध्येच तपासणी म्हणून लिहा.

यंत्र सुरू करण्याआधी एक संख्या हाताने चालवा, आणि मुद्दाम अडचणीची घ्या, १०००. १००० उणे ०००१ बरोबर ९९९. इथेच प्रोग्रॅम मरतो. यंत्राला ही तीन अंकी संख्या दिसते, ९९९ उणे ९९९ शून्य, आणि ६१७४ ची वाट पाहणारे लूप शून्यावर कायमचे फिरत राहते. शून्यालाही ९ ने भाग जातो, म्हणून तपासणीतला तो नियम गप्प बसतो. सात पायऱ्यांचाच काय तो पकडतो. म्हणून एकाला दोन कुंपणे हवीत. दुरुस्ती एवढीच की संख्या नेहमी चार अंकांत लिहायची, पुढे शून्य लावून : ०९९९. मग ९९९० उणे ०९९९ बरोबर ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि पाचव्या पायरीला ६१७४.

हे जमले की तोच प्रोग्रॅम तीन अंकांवर चालवा, तो ४९५ वर थांबेल. मग दोन अंकांवर, पण त्याआधी कागदावर करा : ६३ उणे ३६ सत्तावीस, ७२ उणे २७ पंचेचाळीस, ५४ उणे ४५ नऊ, ९० उणे ०९ एक्याऐंशी, ८१ उणे १८ पुन्हा ६३. इथे थांबायला एक संख्याच नाही, पाच संख्यांचे रिंगण आहे. आलेल्या संख्या यादीत ठेवा आणि यादीतली संख्या पुन्हा भेटली की लूप तोडा.