ओढण्याचे बळ आणि पाठीवरचे ओझे

मंडळी, अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना पिकअपच्या हौद्यात बसवायचा कॅम्पर, म्हणजे पलंग, शेगडी आणि फ्रिज असलेली ती आटोपशीर खोली, घ्यावीशी वाटते. घेण्यापूर्वी वजनाचा हिशेब कसा करावा, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे, कारण आम्ही तो हिशेब गाडी घेतल्यानंतर केला.

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा ओढण्याच्या क्षमतेचा असतो. कॅम्पर मात्र ओढायचा नसतो, पाठीवर घ्यायचा असतो. बैल गाडीला जुंपून जेवढे ओढतो तेवढे त्याच्या पाठीवर लादता येत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा म्हणजे पेलोड. गाडीच्या कमाल अनुज्ञेय एकूण वजनातून, इंधनाची टाकी भरलेल्या रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते ते पेलोड, आणि त्यात सामानाबरोबर माणसेही आली. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळी-पांढरी पट्टी असते, तिच्यावर हा आकडा त्या विशिष्ट गाडीपुरता छापलेला असतो. ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’, ‘एक टन’ ही पिकअपच्या वर्गांची नावे जुन्या काळची असून आजच्या क्षमतेशी त्यांचा मेळ राहिलेला नाही.

आमच्या पाऊण टनी गाडीची एकूण मर्यादा १०,००० पाउंड होती. डिझेल इंजिन जड असते आणि ते जड असण्याची किंमत पेलोडमधून वसूल होते, त्यामुळे पट्टीवर २,३४० पाउंड उरले होते, म्हणजे साधारण १,०६० किलो. कॅम्परचे कोरडे वजन २,३०० पाउंड. विक्रेत्याने ‘बसेल’ म्हणून सांगितले आणि आम्हीही दोन आकडे शेजारी ठेवून समाधान मानले.

कोरडे वजन म्हणजे पाणी, गॅस, सामान काहीही न भरता, ज्या अवस्थेत कोणीही प्रवासाला निघत नाही त्या अवस्थेतले वजन. पाण्याचा एक अमेरिकी गॅलन ८.३४ पाउंड भरतो, तेव्हा तीस गॅलनची टाकी भरली की २५० पाउंड झाले. दोन सिलिंडरांतला गॅस ४०, दोन बॅटऱ्या १२०, वरून बसवून घेतलेला एसी आणि छत्रीसारखा उघडणारा पडदा १५०, आम्ही दोघे ३००. उरलेले सामान मी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर एकेक करून तोलले. कुकर, तांदळाची पिशवी, पोळपाट-लाटणे, पांघरुणे, खुर्च्या आणि हत्यारांची पेटी मिळून ३०० पाउंडांपर्यंत गेले. एकंदर ३,४६० पाउंड.

महामार्गावरच्या ट्रकथांब्यावरील वजनकाट्यावर प्रत्येक एक्सलचे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसावरचे, वजन वेगळे मिळते. आमच्या पावतीवर पुढे ४,६०० आणि मागे ६,५८० पाउंड आले, म्हणजे एकूण मर्यादेपेक्षा १,१८० जास्त. मला खरी भीती वाटली ती मागच्या आकड्याची. टायरच्या कडेवर १२१ हा भारांक होता, म्हणजे पुरेशी हवा भरलेली असताना एका टायरला ३,१९५ पाउंड. दोन टायरांची मिळून क्षमता ६,३९०, आणि त्यांच्यावर ६,५८०. उन्हाळ्यात वाळवंटातल्या रस्त्यावर असा टायर तापतो आणि फुटू शकतो.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअर बॅग, बसवून घ्या, असा सल्ला पुष्कळ जण देतात. त्यांनी गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, डोलणे कमी होते. पण टायर, एक्सल आणि ब्रेक तेच राहतात आणि दारावरचा आकडा एका पाउंडानेही वाढत नाही.

वजनाइतकेच महत्त्व ते कुठे पडते याला आहे. कॅम्परचा गुरुत्वमध्य कुठे येतो हे उत्पादकाने सांगावे, असा अमेरिकेतला नियम आहे. तो मागच्या एक्सलच्या पुढे पडायला हवा. मागे गेला तर पुढची चाके हलकी होतात आणि उतारावर, नेमकी गरज असताना, स्टिअरिंग व ब्रेक यांची पकड कमी होते.

अखेर आम्ही ती गाडी विकून मागे जोडटायर असलेली एक टनी घेतली. या वेळी सामानाची तोललेली यादी हातात घेऊनच मी विक्रेत्याकडे गेलो आणि इंजिनाचे झाकण उघडण्याआधी चालकाचे दार उघडले.