बागेकडे तोंड करून

(दृश्य: घोडबंदर रोडची वर्दळ, मागे येऊरचा हिरवा डोंगर)

ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचं जंगल. या पट्ट्यात बाग राखून बांधलेलं रेस्टॉरंट म्हणजे भाग्यच. आणि आत शिरावं, तर भिंतीवर प्लॅस्टिकच्या वेली! बाहेर आपलं राज्यपुष्प तामण फुललेलं असताना या वेली हव्यातच कशाला?

बाग आत आणायची नसते, ती आतून दिसू द्यायची असते. खुर्चीत बसलं की डोळे जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर येतात. खिडकीचा कट्टा तीन फुटांवर घेतला, तर वाढणाऱ्याला बाग दिसते आणि जेवणाऱ्याला नुसते शेंडे. कट्टा दीड फुटावर उतरवा, जवळची फुलझाडंही नजरेत येतात.

(दृश्य: संध्याकाळ, काचेत उमटलेलं टेबल)

खरी कसोटी रात्री, कारण अशा ठिकाणी गर्दी होते ती रात्रीच. आत लख्ख उजेड, बाहेर अंधार, की काचेचा आरसा होतो. पाहुण्याला बागेऐवजी स्वतःचंच जेवण दिसतं. म्हणून आतला प्रकाश मंद आणि उबदार, पिवळसर छटेचा हवा; केल्विन या रंगछटेच्या मापात साधारण 2700. दिवा टेबलावर खाली सोडलेला, बल्ब शेडच्या आत दडलेला. बाहेर दोन-चार खोडांवरच प्रकाश पुरे. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथल्या निशाचरांना काळोख लागतो. शेवटचा पाहुणा उठला की बागेतले दिवे विझलेच पाहिजेत.

रंगांसाठी फुलांकडे पाहण्याचा मोह होतो. पण बहर उन्हाळ्यापुरता, भिंत बारमाही. त्यापेक्षा खोडाचा राखाडी, मातीचा तांबूस रंग घ्यावा. चुन्याचा गिलावा, सागाच्या पट्ट्या, शहाबादी फरशी. फरशी आणि काच आवाज परतवतात, तेव्हा छताला कापड लावावं, नाहीतर शेजारच्या टेबलावरची बोलणी आपल्या ताटात.

रातराणी मात्र दारापासून लांब. तिचा घमघमाट ताटातल्या वासांवर मात करतो.

(दृश्य: माळी पाचोळा गोळा करताना)

नकाशा काढण्याआधी माळ्याशी बोलावं. पावसात पाणी कुठे तुंबतं, कुठलं झाड कधी झडतं, हे त्याला ठाऊक असतं. तामण हिवाळ्यात पानं टाकतो आणि मग दुपारनंतरचं ऊन थेट पश्चिमेच्या टेबलांवर येतं. तिथला बांबूचा पडदा पहिल्याच नकाशात धरलेला बरा.